सत्तर जणांनी वाचलेला निरोप

एकदा एका तालुक्याच्या गावी, विज्ञान महाविद्यालयात शिकणारा श्रीरंग नावाचा विद्यार्थी आपल्या जुन्या गुरूंकडे, निवृत्त प्राध्यापक नाईकवडी सरांकडे, मोठ्या समाधानाने आला. श्रीरंग हुशार, नियमित, आणि आपण नियमित आहोत हे क्षणभरही न विसरणारा. प्रात्यक्षिकांचे त्याचे जर्नल पूर्ण होऊन त्यावर प्रात्यक्षिके घेणाऱ्या बाईंची सही झाली होती, आणि ते सरांना दाखवायला त्याने सोबत आणले होते. सहीचे जर्नल नसेल तर परीक्षेला बसू देत नाहीत, हे विज्ञान शिकलेल्या कुणाला सांगायला नको.

बोलता बोलता त्याने मोबाइल पुढे केला. वर्गाच्या ग्रुपवर पल्लवी कोळेकर या मुलीने दुपारी लिहिले होते, ‘माझी तीन प्रात्यक्षिकं बुडालीत. उद्या सकाळी बाई पुन्हा करू देणार आहेत, पण कृती आणि आकृत्या आजच लिहून काढायला सांगितल्यात. कुणीतरी जर्नलचे फोटो पाठवा ना. नाहीतर माझं वर्ष जाईल.’ सत्तर जणांनी तो निरोप वाचला होता. उत्तर एकट्या श्रीरंगने दिले होते, ‘करावे तसे भरावे.’ त्यावर तेवीस अंगठे उमटले होते.

“चुकलं का, सर?” तो म्हणाला. “मी एकही तास बुडवला नाही. ज्याचं त्याला मिळतंच. जगात न्याय आहे, हे तुम्हीच शिकवलंत.”

सरांनी त्याचे जर्नल उचलले, कपाटात ठेवले, कुलूप लावले आणि किल्ली खिशात टाकली. मग वर्तमानपत्र उघडून बसले.

श्रीरंगला आधी थट्टा वाटली. पाच मिनिटे गेली, दहा गेली.

“सर, अहो द्या ना! मला परीक्षेला बसू देणार नाहीत.”

“करावे तसे भरावे,” सर म्हणाले. “तू काहीतरी केलं असशील. त्याशिवाय का असं होईल?”

“पण मी काय केलंय?” श्रीरंगचा आवाज चिरकला.

“ते मला काय माहीत? ती का आली नाही, हे तुला तरी कुठे माहीत आहे?”

सरांनी कपाट उघडून जर्नल त्याच्या हाती दिले.

“न्याय आहे, असं मी मरेपर्यंत म्हणेन. पण बाबा रे, तो माणसांनी केला तर होतो. कुणी पडलेला दिसला की ‘पडायलाच हवा होता’ म्हणायचं, म्हणजे आपल्याला वाकायला नको. याला श्रद्धा म्हणत नाहीत, आळस म्हणतात. माझ्या विद्यार्थ्याने हे लिहिलं, आणि तेवीस जणांना पटलं, याचं मला फार वाईट वाटलं.”

श्रीरंगने तिथेच बसून एकेका पानाचा फोटो काढला आणि पल्लवीला पाठवला. मग तो ग्रुपवरचे आपले उत्तर पुसू लागला, तसे सरांनी त्याला थांबवले.

“राहू दे ते. त्याखाली ‘मी चुकलो’ असं लिही. त्या तेवीस जणांनाही वाचू दे.”

त्याने लिहिले. मग पल्लवीला, ‘पण तू येत का नव्हतीस?’ असेही लिहिले. थोडा वेळ त्याकडे पाहिले आणि न पाठवताच खोडले. ‘अजून काही लागलं तर सांग,’ एवढेच पाठवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या जर्नलवर सही झाली. ती का येत नव्हती, हे तिने सांगितले नाही, आणि श्रीरंगने विचारले नाही.