आजोबांचा खूर

त्या मुलखात कुरणे पुष्कळ होती आणि पाणी एकाच ठिकाणी होते. म्हणून सगळ्या कुरणांनी करार केला. कुरणात ज्याचा त्याचा कायदा, पाण्यावर सगळ्यांचा मिळून एक. ज्या कुरणात जनावरे जास्त, त्याचे पाण्याच्या सभेत वजन जास्त.

मोजताना भांडण झाले. घोड्यांच्या कुरणात गाढवे फार होती. एरवी घोडे त्यांना सामानात धरत. मोजणीच्या दिवशी मात्र म्हणाले, "ही आमच्या घरचीच."

"घरची असतील तर सभेत बोलू द्या," शेळ्या म्हणाल्या.

"इतकीही घरची नाहीत."

शेवटी तोडगा निघाला. गाढव शेपटीपासून खांद्यापर्यंत मोजायचे, तोंड मोजायचे नाही. दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या शहाणपणाची तारीफ केली. गाढवांना कोणी विचारले नाही.

पुढे गाढवांवरून कुरणाकुरणांत मोठी मारामारी झाली, रक्त सांडले, आणि करारात ओळी वाढल्या. गाढव आता तोंडासकट मोजायचे. घोड्यांनी मान डोलावली आणि घरी जाऊन, पाण्यावरून भरून आणत त्या आपल्या हौदाला नियम लावला. घोड्यांचे पिऊन झाल्यावर उरेल ते गाढवांचे. उरत असे तो गाळ.

त्या गाळाने भुरी नावाच्या गाढविणीचे शिंगरू आजारी पडले. हौदाचा नियम बदलायचा तर कुरणाच्या चावडीत कौल द्यावा लागे. कौल म्हणजे चावडीच्या ओल्या मातीत खूर उमटवणे. भुरी गेली. दारात रणबहादूर घोडा उभा होता.

"कौल द्यायला आलेय, सरकार."

"ये की! नको कोण म्हणतंय? फक्त तुझ्या आजोबाचा खूर दाखव. ज्याच्या आजोबाचा खूर या जमिनीत, त्यालाच कौल. जुना रिवाज आहे आमचा."

रिवाज आदल्या संध्याकाळी ठरला होता.

भुरी भांडली नाही. पाण्याच्या सभेतून एका बोकडाला घेऊन आली. बोकड भित्रा होता, पण करार त्याला पाठ होता.

"रणबहादूरराव, तुमच्या कुरणात मी तोंड घालत नाही. नियम तुमचा. पण कौलाचा नियम सगळ्यांना सारखा लावायचा, एवढी करारातली ओळ आमची. तेव्हा आधी तुम्ही दाखवा."

"मी? अरे दाढीवाल्या, ही चावडी माझ्या आजोबांनी उभारली!"

"मग तर लगेच सापडेल."

रणबहादूरने ऐटीत वरचा थर खरवडला. खाली जुना चिखल लागला, वाळून दगड झालेला. चावडीची जमीन केली त्या दिवसाचा. त्यात खूरच खूर होते. सगळे लहान, अरुंद, ओझ्याने खोल रुतलेले. माती वाहून आणायचे आणि तुडवायचे काम ज्यांच्याकडे होते, त्यांचे. घोड्यांचे आजोबा पाहणीला आले ते जमीन वाळल्यावर.

भुरीने पुढचा पाय उचलून एका खळग्यात ठेवला. नेमका बसला. मग ती ओल्या मातीवर गेली, कौल दिला आणि शिंगराकडे निघाली. तिच्यामागून बाकीची गाढवे एकेक करून आत शिरली.

रणबहादूर अजून तिथेच आहे. एका खळग्यात खूर घालतो, तो कडेला अडतो. कोणी पाहिले का म्हणून मागे बघतो, आणि दुसऱ्या खळग्यात घालतो. दाराबाहेर घोड्यांची रांग वाढत चालली आहे.