लाडाईचे तीन द्रोण

मीठ बैलांच्या पाठीवरून घाट चढायचं, त्या फार जुन्या काळातली ही गोष्ट. उंबरवणे गाव तेव्हाही इथेच होतं, घाटाच्या पायथ्याशी, आणि गावाच्या वरच्या अंगाला सकपाळांची करवंदांची बाग होती. करवंदं तर रानात आपोआप येतात, त्यांची बाग कोण करतो, असं परगावचे लोक हसून विचारायचे. पण ती बाग त्या घरच्या सुनांनी केली होती.

पहिली सून हौसाबाई. वैशाखात लग्न होऊन ती आली, तेव्हा वाटेत खायला म्हणून माहेरच्या डोंगरातली पिकली करवंदं तिने पदरात बांधून आणली होती. घरामागे नुसता खडक होता, तिथे नाचणीसुद्धा धरत नसे. तिने त्या खडकाच्या भेगांत बिया टाकल्या आणि चौथ्या वर्षी तिथे करवंदांची जाळी उभी राहिली. तेव्हापासून रीत पडली. सकपाळांकडे येणाऱ्या प्रत्येक सुनेने आपल्या माहेरची करवंदं आणायची आणि एक जाळी लावायची. हौसाबाईच्या सुनांनी एकीच्या चार केल्या, नातसुनांनी चाराच्या दहा. प्रत्येक जाळीला त्या त्या सुनेचं नाव. असं म्हणतात की वैशाखात त्या बागेचा वास खाडीतल्या होडीपर्यंत जायचा, आणि नाखवे त्या वासावरून गाव ओळखायचे.

या रितीत दोन नियम होते. जाळीला पहिली फळं आली की सुनेने ती पानाच्या द्रोणात सासूपुढे ठेवायची आणि सासूने सर्वांच्या आधी चाखायची. दुसरा नियम असा, की लावणारीने स्वतःच्या जाळीचं फळ सात वर्षं खायचं नाही. हा नियम कशासाठी केला, ते कुणी कुणाला सांगत नसे.

आता लाडाबाईचं ऐका. ती त्या घरात सून म्हणून आली, तिने अकरावी जाळी लावली, चौथ्या वर्षी द्रोण सासूपुढे ठेवला. सासूने एक फळ तोंडात टाकलं, मग दुसरं टाकलं, आणि म्हणाली, गोड आहे गं. सासऱ्याने, सुभानाने, उरलेला द्रोण तिथेच बसून संपवला. लाडाबाईच्या पिढीत दुसरी सून आली नाही. आपली जाळी पहिल्याच वर्षी गोड निघाली, हे ती जन्मभर सांगत राहिली. सासू गेल्यावर बाग तिच्या हाती आली आणि तिने ती चांगली राखली. फांदीला काठी लावायची नाही, फळ हातानेच तोडायचं, हे तिचंच वळण.

मग तिच्या थोरल्या मुलाचं, रघोजीचं लग्न झालं आणि सगुणा घरात आली. कमी बोलणारी पोर. तिने पदरातली करवंदं आणली, बाराव्या जागी जाळी लावली. चौथ्या वैशाखात जाळीला फळ आलं. रघोजी बैल घेऊन घाटावर गेला होता, म्हातारा सुभाना आठ दिवसांसाठी लेकीकडे गेला होता. सगुणेने द्रोण भरून सासूपुढे ठेवला.

लाडाबाईने फळ तोंडात टाकलं आणि तिचे डोळे मिटले. इतकं आंबट तिने कधी खाल्लं नव्हतं. तिने ते थुंकलं. हिच्या माहेरचं बी असलंच, माझ्या बागेत नको, असं म्हणून तिने कोयता मागवला.

सगुणा एवढंच म्हणाली, "आत्याबाई, अजून एक वरीस बघा."

"वरसाने काय साखर पडणार आहे त्यात?" लाडाबाई म्हणाली. "माझी पहिल्याच वर्षी गोड होती."

जाळी बुंध्याशी तोडली. असं म्हणतात की त्या बुंध्यातून तीन दिवस पांढरा चीक वाहत होता आणि खालचा ओढा दुधासारखा झाला होता. सगुणेने तोडलेल्या फांद्यांवरची फळं पदरात गोळा केली आणि ती घाटाच्या वाटेला लागली. लाडाबाई अंगणात मिरच्या वाळत घालत होती. सून निघाली ते तिने पाहिलं आणि मान खाली घालून मिरच्या पसरत राहिली. जाईल माहेरी, येईल चार दिवसांनी, असं तिला वाटलं.

सगुणा माहेरी पोहोचलीच नाही. रघोजीने सगळ्या वाड्या धुंडाळल्या. तो परत आला, पण त्यानंतर आईशी कामापुरतंच बोलला.

सुभाना लेकीकडून परतला, तो आधी बागेत गेला. तोडलेला बुंधा त्याने हाताने चाचपला आणि लाडाबाईला हाक मारली.

"लाडे, तुझी जाळी सहा वर्षं आंबट होती," तो म्हणाला. "कोवळी जाळी आंबटच असते. म्हणून तर लावणारीने खायचं नसतं."

"मामंजी, आत्याबाई गोड म्हणाल्या होत्या."

"या घरातली प्रत्येक सासू तसंच म्हणत आली. तुला कळू द्यायचं नाही, अशी शपथ घातली होती तुझ्या सासूने मला. ती मी पाळली. पाळायला नको होती."

एवढं बोलून म्हातारा ओट्यावर जाऊन बसला. त्या दिवसापासून लाडाबाईच्या जिभेची गोडी गेली. गूळ खाल्ला तरी तो तिला आंबट लागायचा, असं सांगतात. त्या साली बागेतल्या अकराही जाळ्या आंबट झाल्या म्हणतात, अगदी हौसाबाईचीसुद्धा.

दोन पावसाळे गेले. तिसऱ्या उन्हाळ्यात गुराख्यांनी येऊन सांगितलं की घाटाच्या वाटेवर करवंदीची रोपं दिसतात, पूर्वी तिथे नव्हती. लाडाबाई तशीच उठली आणि गेली. दर वीस-पंचवीस पावलांवर एक रोप होतं. सगुणेच्या पदरातून फळं गळत गेली होती. रोपं बघत बघत लाडाबाई घाट चढली. चढाव संपतो तिथे तीन वाटा फुटतात, तिथे एक सपाट धोंडा आहे. त्या धोंड्याभोवती रोपं इतकी दाट होती की पाय ठेवायला जागा नव्हती. पुढे तिन्ही वाटांवर एकही नव्हतं.

म्हणजे सगुणा तिथे बसली होती. फार वेळ बसली होती. लाडाबाई त्या धोंड्यावर टेकली आणि तिने खाली पाहिलं. तिथून सकपाळांचं अंगण दिसतं. अंगणातलं माणूस दिसतं, आणि त्याने हाक मारली तर ऐकूही येते.

पुढे ती रोज ओढ्याचं पाणी घागरीने वर नेऊन त्या रोपांना घालायची. रोपं एका पावसात पुरुषभर वाढली असं म्हणतात. तिन्ही वाटांनी येणाऱ्या प्रत्येकाला ती विचारायची, एक पोर पाहिलीत का, कमी बोलते, पदराला करवंदांचे डाग असतील. कुणी पाहिलेली नव्हती.

धाकट्या मुलाची बायको आली, तिने जाळी लावली, चौथ्या वर्षी द्रोण पुढे ठेवला. लाडाबाईने सगळ्या घराला अंगणात बोलावलं. एकेक करून द्रोणातली सगळी फळं खाल्ली आणि म्हणाली, "आंबट आहेत. माझीही आंबट होती." मग सुनेच्या डोक्यावर हात ठेवला.

शेवटच्या वर्षी तिला घागर उचलेना. रघोजीने धोंड्याजवळच्या जाळीची चार फळं आणून आईला भरवली. गोड आहेत, असं ती म्हणाली. जिभेची गोडी परत आली असं काही म्हणतात. तिच्या सासूने म्हटलं तसंच तिनेही नुसतं म्हटलं, असंही काही म्हणतात. रघोजीने त्या जाळीचं फळ स्वतः कधी चाखलं नाही.

आज सकपाळांची बाग अर्धा डोंगर चढली आहे. लोणच्याच्या बरण्या आणि सरबताच्या बाटल्या दूरवर जातात. बाराव्या जागी मात्र काही लावत नाहीत, बुंध्याभोवती दगड रचले आहेत. दर वैशाखात पहिली तोडणी होते, तेव्हा घरातली सर्वांत म्हातारी बाई सर्वांत कोवळ्या जाळीची फळं सगळ्यांसमोर खाते आणि लाडाईचे ते शब्द बोलते. मग सगळं गाव घाट चढून जातं. धोंड्यावर तीन द्रोण ठेवतात, तीन वाटांकडे एकेक. पोरं दर वर्षी विचारतात, ती यातल्या कोणत्या वाटेने गेली?

ते माहीत असतं, तर एकच ठेवला असता, असं म्हातारी माणसं सांगतात.