रुंजीने दोनदा उतरवलेलं धनुष्य

सागाच्या रानाकडेला फार जुन्या काळी शिकाऱ्यांचं एक गाव होतं. गावाचा नियम मोठा कडक. ज्याच्या बाणाने हरिण जखमी होऊन पळालं, त्याने ते सापडेपर्यंत घास तोंडात घालायचा नाही.

गावचा नाईक थकला. त्याच्या जागी नाव घ्यायला दोघंच होती. सोमा सगळ्यांत लांब बाण मारायचा आणि बाताही तितक्याच लांबच्या मारायचा. दुसरी रुंजी. गेल्या वर्षी घाईत जखमी केलेल्या हरणामागे ती तीन दिवस उपाशी हिंडली होती. सापडलं तेव्हा ते अजून तडफडत होतं. त्या दिवशी ती ढसाढसा रडली होती.

नाईक म्हणाला, "दोघांना एकेक बाण. पाणवठ्यावर जो नीट शिकार करील, तो नाईक."

संध्याकाळी सोमाची पाळी आली. दूरवर कळप पळताना दिसताच त्याने बाण सोडला. तो एका हरणाच्या मांडीत रुतला आणि हरिण झाडीत गडप झालं.

"लागला की नाही?" सोमा ओरडला.

"लागला. आता जा त्याच्यामागं," नाईक म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच रुंजी पाणवठ्याकाठच्या झाडावर बसली. शेजारच्या झाडांवर गावकरी होतेच. हरणांतला एक मोठा नर पंधरा पावलांवर आला, पण तिच्याकडे तोंड करून. तिने ताणलेलं धनुष्य उतरवलं.

"मार की गं!" कुणीतरी कुजबुजलं.

"समोरून हाड आडवं येतं. बाण लागंल, पण जीव सुटायचा नाही," ती पुटपुटली.

नर आडवा झाला, तोच त्याच्यामागे एक मादी येऊन उभी राहिली. बाण आरपार गेला तर तिलाही लागेल! रुंजीने पुन्हा धनुष्य उतरवलं.

"हिच्यानं उंदीरबी मरायचा न्हाई," एक काका म्हणाले.

रुंजीला घाम फुटला. नर निघून गेला तर नाईकपणही गेलं. 'गेलं तर गेलं,' तिने मनाशी म्हटलं आणि दम धरला.

मादी पुढे सरकली. नराने पाण्याला तोंड लावलं आणि पुढचा पाय पुढे टाकला. बाण नेमका खांद्यामागे बसला. नर दहा पावलं धावला आणि कोसळून शांत झाला.

ढोल वाजू लागले. सगळ्यांत मोठ्याने काकाच ओरडत होते! नाईकाने आपलं पागोटं काढून रुंजीच्या डोक्यावर ठेवलं.

"सोमा कुठाय?" नव्या नाईकाने पहिलाच प्रश्न विचारला.

तो अजून रानातच होता. रुंजी जेवायला न थांबता निघाली. पानांवरचे रक्ताचे थेंब पाहत तिने दुपारपर्यंत सोमालाही गाठलं आणि हरणालाही. एका बाणात तिने हरणाची तडफड संपवली.

भुकेने मलूल झालेल्या सोमाने हात जोडले. "नाईक, मला थांबायला शिकव."

"चल, आधी जेव," रुंजी हसून म्हणाली. त्या दिवशी दोघं एकाच पंगतीत बसून पोटभर जेवली.

तात्पर्य इतकंच: बाण मारता येणं ही कला, पण तो कधी मारू नये हे कळणं हे शहाणपण.