झिपरीचं दार आणि रुसलेला नट

एक होती खार. एक होता बोका. आणि दोघांच्या मधे होतं एक दार.

खारीचं नाव झिपरी. जांभळाच्या ढोलीत तिची तीन पिल्लं. एके दिवशी वारा आला, सूंऽ सूंऽ. दार पडलं, धप्प. फुटलं.

बोका आला. डोकावला. म्हणाला, "दुपारी येतो हं, जेवायला."

झाडाखाली केरबा सुतार काम करायचा. झिपरी निघाली, तुरूतुरू तुरूतुरू.

"केरबादादा, केरबादादा, दार कर ना. बोका टळेना."

केरबा म्हणाला, "फळी आहे, बाई. पण भोक हवं एवढंसं. तू शिरशील, बोका शिरणार नाही. बारीक बीट बसलं, तर भोक पाडीन."

बीट म्हणजे काय? केरबाच्या मशीनचा दात. घर्रर्र घर्रर्र, लाकूड कुरतडतो.

झिपरी निघाली, तुरूतुरू तुरूतुरू.

"बीटबाळा, बीटबाळा, बस ना. केरबा भोक पाडेना, बोका टळेना."

बीट म्हणालं, "धाकटी कॉलेट बसली, तर बसेन."

कॉलेट म्हणजे त्या दाताची हिरडी. जाड दाताला थोरली, बारीक दाताला धाकटी.

तुरूतुरू तुरूतुरू.

"धाकटे, धाकटे, बस ना. बीट बसेना, केरबा भोक पाडेना, बोका टळेना."

"माझ्या जागी थोरली बसलीय. थोरली उठली, तर बसेन."

तुरूतुरू तुरूतुरू.

"थोरले, थोरले, ऊठ ना. धाकटी बसेना, बीट बसेना, केरबा भोक पाडेना, बोका टळेना."

"नटाने मला आवळून धरलंय. नट सुटला, तर उठेन."

तुरूतुरू तुरूतुरू.

"नटोबा, नटोबा, सूट ना. थोरली उठेना, धाकटी बसेना, बीट बसेना, केरबा भोक पाडेना, बोका टळेना."

नट होता रुसलेला. म्हणाला, "काल केरबाने बीट काढून घेतलं आणि मला रिकामंच आवळलं. हिरडीत दात नाही, अन् आवळायचं कशाला? बसलो अडकून. पाना फिरला, तर सुटेन."

तुरूतुरू तुरूतुरू.

"पानोबा, पानोबा, फिर ना. नट सुटेना, थोरली उठेना, धाकटी बसेना, बीट बसेना, केरबा भोक पाडेना, बोका टळेना."

"माझ्या तोंडात भुसा. नटाला धरू कसा? भुसा निघाला, तर फिरेन."

"भुसोबा, भुसोबा, निघ ना. पाना फिरेना, नट सुटेना, थोरली उठेना, धाकटी बसेना, बीट बसेना, केरबा भोक पाडेना, बोका टळेना."

भुसा म्हणाला, "कुणी झाडलं, तर निघेन."

झिपरीने इकडे पाहिलं, केरसुणी नाही. तिकडे पाहिलं, केरसुणी नाही. वर पाहिलं, तर कुंपणावर बोक्याच्या मिशा, ढोलीकडे येणाऱ्या. मग तिने मागे पाहिलं. अगं बाई, शेपूट.

झटक फटक, झटक फटक. भुसा निघाला.

केरबाने आधी मशीनची वायर काढली. मग पाना फिरला, कुईं. नट सुटला. थोरली उठली. धाकटी बसली. बीट बसलं. आणि बीट बसल्यावरच, हं, केरबाने नट आवळला. नटाचा रुसवा गेला.

वायर लागली. घर्रर्र घर्रर्र. भोक पडलं. दार ठोकलं, ठक ठक ठक.

झिपरी शिरली, सुळ्ळकन.

बोक्याच्या मिशा शिरल्या, डोकं शिरेना. केरबा हसून म्हणाला, "बोकोबा, जेवण झालं का?" बोका गेला उपाशी, शेपूट घालून.

आत तीन पिल्लं आईच्या कुशीत, ऊबच ऊब. झिपरीला दार मिळालं, तसं ज्याला त्याला आपल्या मापाचं दार मिळो.