डोई दे गं!

एका नदीकाठच्या गावात कुंभाराची एक ठेंगणी सून होती. तिची लेक दीड वर्षाची झाली तरी चालत नव्हती. बरोबरीची पोरं अंगणात दुडूदुडू पळायची आणि ही आपली रांगत रांगत त्यांच्या मागे जायची. नदीवर धुणं धुताना बायका विचारायच्या, "काय गं, अजून रांगतेच का तुझी?" कुंभारीण धुणं कसंबसं पिळून घराकडे निघायची. घरी येऊन ती लेकीला दोन्ही दंडांना धरून उभी करायची, ओढायची. लेक रडायची. मग आईही रडायची.

शेवटी ती डोंगरावरच्या देवीला नवस बोलली. "आई, माझ्या लेकीला चालव. मी येत्या चैत्रातच तुझ्या अंघोळीला पायी पाणी घेऊन येईन."

त्या गावची रीतच होती तशी. दर चैत्रात बायका नदीचं पाणी डोक्यावर घेऊन दूरच्या डोंगराला निघायच्या. वाट बऱ्याच दिवसांची. दोघींत मिळून एक मातीची घागर. ती डोक्यावरून उतरायची ती फक्त सोबतिणीच्या डोक्यावर. मुक्कामाला तेवढी झाडाच्या फांदीला शिंक्यात टांगायची. वाटेत दमलं की हाक मारायची, "डोई दे गं!" मग सोबतीण डोक्यावर कापडाची चुंबळ ठेवून डोकं पुढे करायची. घागर जमिनीला टेकली किंवा पाणी सगळं सांडलं, की नवस वर्षभर लांबला.

कुंभारणीने शेजारची तेलीण सोबतीला घेतली. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन गावात आलेल्या. तेलीण उंच, लांब ढांगांची. निघताना कुंभारणीची सासू नातीला कडेवर घेऊन म्हणाली, "ती उंटीण आणि तू बदक. कसं गं जमायचं तुमचं?"

तेलीण हसून म्हणाली, "जमवतो की, आत्याबाई! बदकाला उंटावर बसवीन."

पहिल्या दिवशी कुंभारीण तेलिणीच्या चालीने चालली. तेलिणीने एक ढांग टाकली की हिची दोन-तीन पावलं पडायची. चालणं कसलं, पळणंच ते. मनात एकच भीती, मागे राहिले तर? डोक्यावर घागर आली की पाणी डचमळायचं आणि तिची पाठ भिजायची. पाण्यात लिंबाचा डहाळा टाकला, तरी सांडायचं थांबेना. संध्याकाळी शिंक्यात टांगताना पाहिलं, तर घागरीचा गळा रिकामा झाला होता.

"उद्या मी तुझ्या चालीनं चालते," तेलीण म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तेलीण बारीक बारीक पावलं टाकू लागली. पण सवय नव्हती ना. पावलाला पाऊल अडखळायचं, मध्येच थांबावं लागायचं. तिच्या पोटऱ्या भरून आल्या आणि डोक्यावरचं पाणी कालच्याहून जास्त सांडलं. बाकीच्या बायका केव्हाच पुढे निघून गेल्या होत्या.

तेलीण चिडली. "मुंगीसुद्धा पुढं गेली आपल्या! माझे पाय दुखायला लागले बाई तुझ्यापायी."

"मग काल माझे दुखले नाहीत?" कुंभारणीचा आवाज चढला. "तुझं काय जातंय? लेक माझी आहे. पाणी माझ्या लेकीचं आहे!"

 मुक्कामाला दोघींनी एकमेकींकडे पाठ करून भाकरी खाल्ली.

सकाळी कुंभारणीने शिंक्यातली घागर पाहिली. पाणी अर्ध्यावर आलं होतं. असंच चाललं तर डोंगरावर नुसतं ओलं मडकं जाईल. तिने पदर खोचला.

"ऐक," ती म्हणाली. "आजपासून मी माझ्या चालीनं चालणार आणि तू तुझ्या. घागर घेऊन तू पुढं जा. दमलीस की उभी राहा आणि हाक मार. मी येऊन डोई देईन. मग मी घागर घेऊन निघेन, तू बस जरा निवांत. मागून येऊन गाठ मला."

"आणि तू आलीच नाहीस तर? मी घागर घेऊन खांबासारखी उभी?"

"येईन. उशिरा येईन, पण येईन. तू फक्त हाकेच्या पलीकडं जाऊ नकोस."

तेलिणीने तोंड वाकडं केलं, पण चुंबळ डोक्यावर ठेवली.

आणि काय आश्चर्य! त्या दिवशी पाणी सांडलंच नाही. तेलिणीची ढांग मोकळी पडत होती. कुंभारणीची पावलं लहान पण एकसारखी पडत होती, तिच्या डोक्यावर घागर जशी काही चाकावरच बसली होती. दोघी हाकेला हाक देत वाट कापू लागल्या. "डोई दे गं, बदके!" "आले गं, उंटिणी!"

शेवटी आला बोडका माळ. झाड नाही, झुडूप नाही, वर ऊन नुसतं आग ओतत होतं. पलीकडे देवीचा डोंगर दिसत होता. डोंगर दिसल्यावर तेलिणीला धीर निघेना. तिने पाय उचलला आणि बरीच पुढे गेली.

तेवढ्यात तिच्या टाचेत बाभळीचा काटा घुसला. वाऱ्याने कुठून तरी उडून आलेला, सुकलेला. खाली वाकता येईना. घागर उतरवायला जवळ कुणी नाही, टांगायला फांदी नाही. एका पायावर ती उभी राहिली. मान थरथरू लागली.

"डोई दे गं!" तिने जीव तोडून हाक मारली. "अगं, पडेल! डोई दे!"

कुंभारणीला लांबून ती काठीएवढी दिसत होती.  धाव, धाव, असं मन ओरडत होतं. तिने चार पावलं पळूनही पाहिलं. लगेच छाती भरून आली आणि तिला पहिला दिवस आठवला. धापा टाकत पोहोचले, तर डोई स्थिर कशी राहील? तिच्या हातून वाचलेली घागर माझ्याच डोक्यावरून पडेल.

तिने दातांवर दात दाबले, पळणं थांबवलं आणि आपली चाल धरली. ना हळू, ना घाईत. पण तोंड थांबवलं नाही. "आले गं! उभी राहा! आले!"

पलीकडून आवाज आला, "मेले गं!"

"मरू नकोस, आले!"

"लवकर!"

"उशिरा येईन, पण येईन! आले बघ!"

त्या "आले गं, आले"च्या आधारावर तेलीण उभी राहिली. डोळ्यांत घाम, टाचेत कळ, पण कान त्या हाकेला लावून उभी राहिली. कुंभारीण पोहोचली. तिचा श्वास शांत होता. तिने चवड्यांवर उंच होऊन डोई दिली आणि घागर अलगद तिच्या डोक्यावर आली. थेंब सांडला नाही.

तेलीण मटकन खाली बसली, काटा उपसला आणि रडता रडता हसली. "बदके, पळाली का नाहीस गं?"

"पळाले असते तर आता दोघी खापऱ्या वेचत बसलो असतो."

उरलेली वाट कुंभारीण घागर घेऊन चढली. तेलीण लंगडत मागे होती. आता तेलीण मागून हाका मारत होती आणि कुंभारीण पुढे तिच्यासाठी थांबत होती.

देवळात पोहोचल्या तेव्हा बाकीच्या बायका अंघोळ घालून प्रसाद खात बसल्या होत्या. कुंभारणीचा चेहरा उतरला. ती गुरविणीला म्हणाली, "आई, उशीर झाला आम्हाला. पाणीही अर्धंच उरलंय. चालेल का?"

गुरवीण म्हणाली, "उशीर कसला? शेवटची घागर आल्याशिवाय देवीला कोरडी साडी नेसवत नाहीत इथं. ती बघ, तुमच्यासाठी ओलेती उभी आहे."

दोघींनी मिळून घागर उचलली आणि देवीच्या खांद्यावरून पाणी सोडलं.

कुंभारीण घरी आली, तेव्हा लेक रांगतच दारापर्यंत आली. शेजारीण म्हणाली, "अगंबाई, अजून नाहीच का?"

"नाही," कुंभारीण म्हणाली. "तिची चाल अजून यायची आहे."

त्यानंतर तिने लेकीला कधी ओढलं नाही. रोज अंगणात थोडी लांब बसायची आणि म्हणायची, "ये गं. मी इथंच आहे." पावसाळा सरता सरता एका सकाळी लेक भिंत धरून उठली. भिंत सोडली. पडली. पुन्हा उठली. आईचे पाय शिवशिवले, पण ती जागची हलली नाही. नुसती म्हणत राहिली, "ये गं, ये."

लेक डुलत डुलत आली आणि तिने आईच्या कपाळावर डोकं टेकवलं.

तात्पर्य: ज्याने त्याने आपल्या चालीनं चालावं, पण सोबत्याची हाक ऐकू येईल एवढ्याच अंतरावर राहावं.