बाहेरून कडी असलेलं घर

एकदा एका तांबटावर गाव सोडायची पाळी आली. गावचा बाजार मोडला होता, हंडे-घागरी घेणारं कुणी उरलं नव्हतं, तेव्हा शहरात जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. घरात बायको, दोन पोरं आणि म्हातारी आई. बायको-पोरं कुठंही रुजली असती. प्रश्न आईचा होता. तिची स्मृती विझत चालली होती. चुलीपुढं बसल्या बसल्या ती उठे, "घरी जाते" म्हणे आणि चालू लागे. गावात त्याचं भय नव्हतं. विहिरीवरून, देवळामागून, पार शिवेवरून कुणीतरी तिला हाताला धरून आणून सोडी, आणि वर तांबटालाच सुनावी, "आईवर लक्ष ठेवत जा की रे." शहरात तिला कोण आणून सोडणार होतं?

हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण घर बघायला निघालेल्या माणसाचं डोकं जागेवर राहत नाही. आधी भिंतीचा रंग दिसतो, मग बाकीचं.

शहरातल्या एका भांड्यांच्या व्यापाऱ्याला त्याचा हात ठाऊक होता. त्याने आपल्या दुकानाचं काम आणि आपल्याच आळीत घर देऊ केलं. फरसबंदी रस्ता, रंगवलेले दरवाजे, कुत्रंसुद्धा भुंकायच्या आधी विचार करील अशी शांतता. व्यापारी म्हणाला, "इथं कुणी कुणाच्या अध्यात-मध्यात नसतं. सगळी प्रतिष्ठित माणसं. तुझा हातोडा तेवढा मागल्या परसात चालव. आणि मातोश्रींचं म्हणशील, तर मागच्या खोलीला बाहेरून भक्कम कडी आहे. दिवसा घालून ठेवायची. चिंताच नको."

तांबटाला ते लागलं. पण त्याने मनाची समजूत घातली की निदान आई हरवणार तरी नाही. अशी समजूत फार लवकर पटते.

तरी घर घेण्याआधी त्याने आपल्या वस्तादाला बरोबर नेलं. याच म्हाताऱ्याने त्याला हातोडा धरायला शिकवला होता. म्हाताऱ्याने हो म्हणावं, एवढीच त्याची इच्छा. खरा सल्ला नको होता. आपण थोरांकडे जातो ते बहुतेक वेळा असंच जातो.

दोघे भर दुपारी त्या आळीत पोचले. व्यापारी किल्ली देऊन म्हणाला, "निवांत बघा," आणि जेवायला घरात गेला. शिष्य कुलूप काढू लागला, तर म्हातारा जागचा हलेना.

"वस्ताद, घर बघायचं ना?"

"घर कुठं पळून जातंय? नंतर बघू."

असं म्हणून म्हाताऱ्याने डोक्याचं पागोटं सोडून गळ्यात लोंबतं टाकलं. एका पायातली वहाण काढून शिष्याच्या हातात दिली. "त्या वळणावर जाऊन उभा राहा. मी तुझा कुणी नाही. मध्ये तोंड घातलंस तर हीच वहाण परत मागीन." आणि शिष्य काही बोलायच्या आत तो रस्त्याच्या मधोमध फतकल मारून बसला. मोठ्याने म्हणू लागला, "माझं घर कुठाय? अहो, माझं घर कुठं गेलं?"

शिष्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

एक गृहस्थ आला. त्याने धोतर जरा उचललं आणि वळसा घालून गेला. समोरच्या खिडकीतून एक बाई बघत होती. तिने खिडकीची एक फळी लावली, मग दुसरी. एका घरातून गडी बाहेर आला.

"पुढं जा, बाबा, पुढं. इथं काही मिळायचं नाही."

"भीक नको रे. घर सापडंना."

"मग पुढं शोधा."

पुष्कळ वेळाने माडीवरून एक सुसंस्कृत आवाज आला, "त्यांना कुणीतरी सावलीत बसवा." तो कुणीतरी त्या आळीत राहत नव्हता. म्हातारा उन्हात बसला तो बसलाच. शेवटी आपणच उठला, पागोटं तसंच लोंबतं ठेवून शिष्याजवळ आला आणि म्हणाला, "चल. आता दुसरीकडं."

"दुसरीकडं कुठं? अहो, काय चाललंय काय हे? माझी अब्रू..."

"तुला अजून इथं ओळखतं कोण, अब्रू जायला?"

ओढ्याच्या बाजूला रंगाऱ्यांची आळी होती. वाटेवर निळं-तांबडं पाणी, आडव्या दोऱ्यांवर टपटपणारी लुगडी, आणि दोन घरांमध्ये पाण्यावरून भांडण जुंपलेलं. शिष्याने नाकाला उपरणं लावलं. म्हातारा पुन्हा मधोमध जाऊन बसला. "माझं घर कुठाय?"

भांडण मध्येच थांबलं. कोपरापर्यंत निळे हात असलेली एक धिप्पाड बाई पुढं आली. ठमाबाई तिचं नाव. आळीत तिच्या तोंडाला कुणी लागत नसे.

"ए बाबा! वाटेत काय ठाण मांडलंय? गाडी येईल आणि चपटा करून जाईल."

"माझं घर कुठाय?"

"मला काय विचारतोस? घर तुझं!" असं म्हणता म्हणता तिने त्याच्या काखेत हात घालून त्याला उचललं आणि आपल्या पायरीवर बसवलं. "एक वहाण कुठं टाकलीस? कुणाचा तू? गाव कुठलं? अगं ए, पाणी आण. ऊन लागलंय म्हाताऱ्याला."

तोवर चारपाच जण जमले. एक म्हणाला, "हा घाटावरल्या लोहारांचा दिसतो." दुसरा म्हणाला, "छट्, तांबट आहे, हात बघ की." तिसरा म्हणाला, "चावडीवर नेऊन बसवू, शोधत येतील." ठमाबाई उसळली, "उपाशी माणसाला चावडीवर नेतोस? आधी भाकरी खाईल, मग काय ती चावडी." जिच्याशी तिचं भांडण चाललं होतं, ती समोरची बाई आतून कालवण घेऊन आली. तिने वाटी ठेवली आणि ठमाबाईकडे न बघता परत गेली.

म्हाताऱ्याने भाकरी खाल्ली, शेवटच्या घासाने वाटी पुसून घेतली, पागोटं नीट बांधलं आणि शांतपणे म्हणाला, "बाई, मी हरवलेलो नाही. उगाच बसलो होतो."

मग जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. ठमाबाईने त्याचे सात पूर्वज उकरून काढले. "लाज नाही वाटत? या वयात सोंगं? माझा रंग तिकडं नासला!" म्हातारा खाली मान घालून ऐकत होता आणि त्याचा चेहरा असा उजळला होता की जणू कुणी त्याला ओवाळतंय.

आळीबाहेर आल्यावर शिष्य चिडून म्हणाला, "मिळालं समाधान? शिव्या खाल्ल्या भरपेट."

म्हातारा थांबला. "भांडं विकत घेताना तू काय करतोस?"

"बोटाने वाजवून बघतो."

"का?"

"चीर असली तर आवाज बद्द येतो. नुसत्या चकाकीवरून कळत नाही."

"मग जन्मभर भांडी वाजवून घेतलीस आणि आईसाठी घर मात्र कल्हई बघून घ्यायला निघालास? ती आळी मी वाजवून पाहिली. काही आवाज आला का? ही वाजवली, तुझ्या कानठळ्या बसल्या. इथं तुला सुख लागणार नाही, हे आत्ताच ऐक. तुझ्या घरात काय शिजलं ते ती बाई तुझ्या आधी आळीला सांगेल. सोस. पण जी माणसं वाटेतल्या म्हाताऱ्यावर ओरडायला बाहेर येतात, तीच त्याला उचलायलाही येतात. आत बसून गप्प राहणारी कशालाच येत नाहीत. आणि एक सांगतो. आईला बाहेरून कडी घालायची असेल तर त्याला शहर कशाला पाहिजे? गावातच घालायची होतीस."

संध्याकाळी शिष्य व्यापाऱ्याकडे गेला आणि किल्ली पुढं ठेवली.

व्यापारी हसला. "अरे, या आळीत जागा मिळावी म्हणून लोक वर्ष वर्ष थांबतात."

"थांबू द्या त्यांना."

"आणि तू राहणार कुठं? त्या रंगाऱ्यांच्यात? चिखलात?"

"हो. चिखलातच. तिथं दाराला कडी आतून असते."

व्यापाऱ्याचं हसू गेलं. "मग माझ्या दुकानाचं कामही विसर."

तांबटाच्या डोळ्यांपुढं पोरांची तोंडं आली. पण मान खाली गेली नाही. "विसरलो," तो म्हणाला, आणि पायरी उतरला.

रंगाऱ्यांच्या आळीत तो राहायला आला. ठमाबाईने पहिल्याच दिवशी हातोड्याच्या ठोक्यांवरून त्याची हजेरी घेतली आणि दुसऱ्या दिवशी आपलीच पोचा आलेली घागर आणून त्याच्यापुढं आदळली. बाकीच्यांचीही भांडी येऊ लागली. मोठं काही नाही. पोटापुरतं.

आठव्या दिवशी आई नाहीशी झाली. तो हातातलं काम टाकून धावला. ओढा पाहिला, बाजार पाहिला, देऊळ पाहिलं. घामाने निथळत, हाका मारत परत येतो तर आई ठमाबाईच्या पायरीवर बसून वालाच्या शेंगा सोलत होती.

"काय बोंबलत सुटलायस गावभर!" ठमाबाई कडाडली. "वळणावरून आणली. नुसती बसवून ठेवली की परत उठते, म्हणून कामाला लावलीय. लक्ष ठेवत जा की रे आईवर."

आईने मान वर केली. घामाघूम उभ्या असलेल्या मुलाकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "कुणाचा गं हा मुलगा?"

"तुझाच आहे, आजी," ठमाबाई म्हणाली. "थोडा वेंधळा आहे. पण तुझाच."

आईने थोडं सरकून पायरीवर जागा केली. तांबट बसला आणि शेंगा सोलू लागला. वस्ताद जे भर उन्हात बसून विचारत होता, त्याचं उत्तर त्याला तेव्हा मिळालं.

तुम्हीही घर बघायला जाल. पाणी, रस्ता, शाळा, सगळं बघा, नाही कोण म्हणतंय? पण बयाणा देण्याआधी एकदा त्या गल्लीत मधोमध बसा, आणि कोण ओरडतंय ते ऐका.