जुन्या बंदुकीचा नवा पट्टा

एकदा एका तरुण आईची झोप उडाली. कोणी विचारलं तर ती सांगे, "खंडेनवमी तोंडावर आली आणि पट्टा अजून आला नाही, झोप कशी लागेल?" हे खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. उरलेलं अर्धं कारण तिच्या शेजारी हातपाय पसरून निजलेलं असे. त्याचं नाव केतकी, वय वर्षं सहा.

केतकीला जन्म देणारी माउली दोन वर्षांपूर्वी गेली होती. ही त्यानंतर घरात आली. हिनं बालमानसशास्त्राची पदवी घेतलेली, पण पोर समोर उभी राहिली की त्यातलं एक पान आठवेल तर शपथ! मग तिनं आपल्या परीनं एक उपाय काढला. पहिलीसारखंच व्हायचं, इतकं की पोरीला सांधा कुठे आहे ते कळूच नये. भांग त्याच बाजूला, टिकली त्याच आकाराची, अंगाईसुद्धा शेजारणीकडून शिकून घेतलेली, तीच. आणि तरी रोज धाकधूक होतीच, की आज ना उद्या ही पोर तोंडावर म्हणेल, "तू खोटी आहेस."

ते गाव फौजींचं. घरटी एक माणूस सैन्यात गेलेला. गावाच्या शस्त्रसंग्रहाचा सांभाळ एक वृद्ध विद्वान करत. सारे त्यांना गुरुजी म्हणत. त्यांच्या हाताखाली ही चामड्याची निगा शिकत होती. दर खंडेनवमीला पहिल्या महायुद्धातली एक बंदूक पूजेला निघे. तिचा चाप-घोडा कधीचाच निकामी केलेला, पण मान मात्र शाबूत. गावातला सर्वांत वयोवृद्ध फौजी ती खांद्याला लावून देवळापर्यंत नेई. मात्र तिचा मूळ पट्टा आता इतका सुकला होता, की वाकवला की तडकायचा. म्हणून हुबेहूब तसाच नवा करून घ्यायचं ठरलं, आणि ते काम हिच्याकडे आलं.

शहरातल्या कारागिराला तिनं फोनवर भंडावून सोडलं. रुंदी बंदुकीच्या कडीत बसेल ना? शिवण हाताची की यंत्राची? चामडं बाभळीच्या सालीत कमावलेलं की रसायनात? शेवटी तो बिचारा म्हणाला, "ताई, पट्टा घेताय की सोयरीक जुळवताय?"

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी पार्सल आलं. तिनं ते दातांनीच फोडलं. काय तो कोऱ्या चामड्याचा वास! काय ती पितळी आकड्यांची झळाळी! केतकी पट्टा गळ्यात घालून घरभर नाचली, आणि हीही तिच्यामागे नाचली. मग एकाएकी थबकली. पट्टा नव्या वहाणेसारखा पिवळाधमक होता. उद्या बंदूक घेणार गावातले सर्वांत म्हातारे फौजी शेडगे आबा, आणि त्यांची जीभ म्हणजे वस्तरा. लांबूनच ओरडतील, "नकली!"

तिनं चामडं काळवंडायला पातेलंभर कडक चहा उकळून बरोबर घेतला, घासकागद घेतला, तेलाची बाटली घेतली आणि केतकीला शेजारणीकडे सोडून तडक गुरुजींकडे धावली.

"गुरुजी, आला! आणि बघाच तुम्ही, संध्याकाळपर्यंत याला शंभर वर्षांचा करून दाखवते!"

गुरुजींनी पट्टा हुंगला, वाकवला, टाका न् टाका ओढून पाहिला. "उत्तम आहे," म्हणाले. मग खणातून अंकांचे लोखंडी ठसे काढले, हातोडी उचलली, आणि ती 'अहो, अहो' म्हणेपर्यंत पट्ट्याच्या पितळी आकड्याजवळ, अगदी दर्शनी बाजूला, चालू साल ठोकून मोकळे झाले.

"अहो गुरुजी, काय केलंत हे! आता आंधळ्यालाही कळेल!"

"कळू दे की."

त्यांनी एक पेटी पुढे सरकवली. आत मऊ सुती कापडात जुना पट्टा निजला होता. "हा घे. अडकव बंदुकीला."

"तुटेल ना तो!"

"तुटेलच. मग उद्या भार कोण घेणार?"

"नवा."

"मग भार घेणाऱ्यानं तोंड का लपवावं, मुली?" गुरुजी शांतपणे म्हणाले. "नमुना जुन्याचा घ्यावा, वय घेऊ नये. याला चहात बुडवशील, घासशील, तेल पाजशील, तरी हा जुना व्हायचा नाही. नुसता दुबळा होईल आणि ऐन वेळी सैल पडेल. जुन्याचा मान पेटीत, नव्याचा मान खांद्यावर. त्या दोघांत भांडण नाही, ते आपणच लावतो. याला कोरड्या फडक्यानं पुसत जा, क्वचित बोटभर मेण लाव. रंग घामानं आणि उन्हानं चढेल. त्याला त्याचा वेळ घेऊ दे."

गुरुजी पट्ट्याविषयीच बोलत होते. तिचे डोळे मात्र का भरून आले, ते त्यांनी विचारलं नाही. चहा तेवढा मागून घेतला आणि तोंड वाकडं करून म्हणाले, "साखर विसरलीस."

दुसऱ्या दिवशी हलगी कडाडली. शेडगे आबांनी बंदूक घेतली आणि अंगठा नेमका त्या सालावर फिरवला. "आयला, हा तर यंदाचाच!"

ती पुढे झाली. "होय आबा, यंदाचाच. जुना पेटीत जपून ठेवलाय, हवा तर दाखवते."

आबांनी पट्ट्याला असा हिसका दिला, की बैल थांबावा. पट्टा हलला नाही. "जुन्यानं माझ्या चुलत्याचा खांदा सोलला होता. ह्याचं बघू काय ते. अरे वाजवा की, का मेलात सगळे?" आणि म्हातारा असा ताठ निघाला, की पोरं पळत सुटली. पट्टा देवळापर्यंत तसूभरही ढळला नाही. तीही गर्दीत केतकीचा हात धरून पळत होती, हसत होती, धापा टाकत होती.

घरी येऊन तिनं देवीसाठी केलेला शिरा केतकीपुढे ठेवला, आणि अंगात वारं होतं तोवरच बोलून टाकलं. "केतकी, मी सगळं तुझ्या आईसारखं करायला बघते. हा शिरासुद्धा. पण मला तसं येत नाही गं. ती ती होती, आणि मी नवी आहे."

बोलून गेली आणि लगेच पस्तावली. एवढ्याशा पोरीपाशी हे बोलतात का कुणी?

केतकीनं शिऱ्यातला एकेक बेदाणा वेचून ताटलीच्या कडेला लावला. नीट रांगेत. मग वर पाहिलं.

"बेदाणे आईला आवडायचे. मला कध्धीच नाही आवडले," ती म्हणाली. "तुझ्या शिऱ्यात काय घालतात?"